मिलिमीटरचं मानपान

भिगवणला निघालो तेव्हा गाडीत कॅमेरे दोन होते. एक माझा, शर्टाच्या खिशात मावणारा. दुसरा मेव्हण्यांचा. त्याला स्वतंत्र सीट लागली आणि तीही पुढची, पट्टा लावून. सौभाग्यवती मागे, पोह्यांच्या डब्याशेजारी.

"ताई, लेन्सला धक्के चालत नाहीत गं," मेव्हण्यांनी खुलासा केला. बहिणीला चालतात, याची त्यांना लहानपणापासून खात्री असावी.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाचं पाणी लागतं. हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्यामागोमाग लेन्सवाले. काठावर पोचेपर्यंत जेमतेम फटफटलं होतं. नावाड्यानं आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, थेट बॅगेकडे पाहिलं.

"दीडशे-सहाशे का?"

"हो," मेव्हणे शक्य तितक्या विनयानं म्हणाले.

"मग साहेब, तुम्ही पुढं बसा. काका, तुम्ही मागं. तुमचं मोबाइलवरच ना?"

मी खिशातला कॅमेरा काढून दाखवला.

"असू द्या, असू द्या," तो मला धीर देत म्हणाला.

भिगवणला माणसाची पत मिलिमीटरमध्ये मोजतात. मेव्हण्यांचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, माझा साधारण ६ बाय साडेचार. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तीसपट फरक. बागायतदारानं कोरडवाहूवाल्याकडे पाहावं तसे ते माझ्याकडे पाहत होते. माझीही बाजू होती. सेन्सर चिमुकला असल्यामुळेच माझी बोटभर लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावरच्या ७२० मिलिमीटरइतकं जवळ आणते. त्यांची ६०० लाच संपते.

"कागदावर, दाजी. कागदावर."

दुर्दैवानं ते खरं होतं. पहाटेच्या उजेडात माझ्या रोहितावर पिसांपेक्षा दाणे जास्त उठले. ऊन आलं तर पडद्यावर काही दिसेना, आणि डोळा लावायला खिडकी या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना नसतेच. अंदाजानं नेम धरून मी आकाश टिपलं, बांबू टिपला, मेव्हण्यांचा उजवा कान तर फारच सुंदर टिपला.

नावाड्यानं इंजिन बंद करून बांबूनं नाव रेटत नेली. थवा दचकला, उथळ पाण्यावरून धावत सुटला आणि उठला. मिटलेल्या पंखांत लपलेला लाल-काळा रंग एकदम उघडला. पुढून खटखटखटखट सुरू झालं. माझा कॅमेरा फोकसचा विचार करत होता. त्याचा निर्णय होईपर्यंत रोहित करमाळा तालुक्यात पोचले होते.

मेव्हण्यांचा सरंजाम तीन किलोच्या आसपास भरतो. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो ३.६ किलोचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. म्हणजे एवढ्या वर्षांत वेळ वाचला. खांद्याच्या वाट्याला काही आलं नाही.

मग नावाड्यानं शेवेची पुडी फोडली आणि कुरव पक्ष्यांनी नावेला वेढा घातला. हातभर अंतरावर चोची! मोठ्या लेन्सची अडचण अशी, की पावणेतीन मीटरच्या आतलं तिला दिसत नाही. मेव्हणे मागे रेलले, आणखी रेलले.

"साहेब, नाव कलंडंल!"

माझ्या हातातला कॅमेरा सौभाग्यवतींनी केव्हाच काढून घेतला होता. चोचीत आडवी धरलेली शेव, तिच्यावरचं तिखट, कुरवाचा बेरकी डोळा: सगळं स्वच्छ आलं. खाणारं काही समोर असलं की छोटा कॅमेरा खुलतो, असा माझा अनुभव आहे.

दहाच्या सुमारास पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागली. लांबचे पक्षी सगळ्यांच्याच फोटोत सारखे वितळू लागले. इथे सेन्सरचा आकार कुणी विचारत नाही.

काठावर उतरल्यावर ग्रुप फोटोची टूम निघाली. चांगल्या कॅमेऱ्यातच काढायचा, असं मेव्हण्यांनी जाहीर केलं. रुंद लेन्स त्यांनी घरी ठेवली होती, ओझं नको म्हणून. दीडशेच्या लेन्समध्ये अख्खी नाव आणि तिच्यापुढे आम्ही मावायचो, तर पंचवीस मीटर तरी मागे जाणं भाग होतं. ते उलट्या पावलांनी चिखल ओलांडून वेड्या बाभळीत शिरले. तिथून ते हातवारे करत होते, पण शेजारच्या नावेच्या इंजिनामुळे अक्षर ऐकू येईना. शेवटी त्यांनी फोन लावला.

"ताई, डावीकडे सरका आणि हसा!"

"हसतोय रे," ही म्हणाली.

तेवढ्यात नावाड्यानं आम्हा सगळ्यांच्या मध्ये डोकं घातलं, हात लांब केला आणि स्वतःच्या मोबाइलवर सेल्फी काढून टाकला.

"काका, नंबर सांगा, लगेच टाकतो."