राणीच्या बागेतला फोटो

राणीच्या बागेत घरच्यांचे फोटो काढणे हा दादर, परळ, लालबागच्या कुटुंबांचा जुना उद्योग आहे. भायखळ्याची ही बाग 1862 साली व्हिक्टोरिया गार्डन म्हणून खुली झाली. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव मिळाले, पण जायचे ठरते ते राणीच्या बागेतच. ठरवताना वार पाहावा लागतो, कारण एरवी बाग बुधवारी बंद असते. तरीही सुट्टीत एखादे कुटुंब नेमके बुधवारी येते आणि आलोच आहोत तर म्हणून बंद फाटकापुढे फोटो काढून परतते. हा फोटो सहसा चांगला येतो. फाटक हलत नाही.

दादरहून धीम्या लोकलने निघाले की परळ, करी रोड, चिंचपोकळी एवढ्या अवधीत मुलांचे केस दोनदा विंचरून होतात. भायखळ्याला उतरेपर्यंत ते पुन्हा मूळ पदावर आलेले असतात.

रोलच्या काळात छत्तीस फोटोंत बाग, एखादे बारसे आणि घरचा गणपती एवढे सगळे बसवायचे असे. त्यामुळे कॅमेरावाले काका माकडाने तोंड वळवेपर्यंत सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवत. फोन आल्यावर ही काटकसर संपली. आता पहिल्या पिंजऱ्यापाशीच छत्तीस फोटो होतात आणि त्यांतले तीस जाळीचे असतात. जाळी जवळ, प्राणी लांब आणि बहुधा सावलीत. फोन बिचारा जे ठळक दिसेल ते पकडतो. भिंग जाळीला अगदी भिडवले तर तारा विरघळल्यासारख्या पुसट होतात, हा यावरचा खरा उपाय. मात्र जाळी आणि माणूस यांच्यामध्ये कठडा असतो, आणि तो अशा उपायवाल्यांसाठीच बांधलेला असतो.

सर्वांत जास्त फोटो पेंग्विनच्या वाट्याला येतात. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले आणि पुढच्या वर्षी लोकांना दिसू लागले. त्यांचे मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथून थंड सागरी प्रवाह वाहतो, म्हणून भायखळ्यातही त्यांना काचेमागे गारव्यात ठेवावे लागते. मे महिन्यात आत शिरलेले कुटुंब लवकर बाहेर पडत नाही, यामागे दर वेळी पक्षिप्रेमच असते असे नाही. फ्लॅश मारला तर काचेवर पांढरा गोळा उमटतो आणि रखवालदाराची शिट्टी ऐकू येते. न मारला तर पेंग्विनच्या पोटावर फोटो काढणाऱ्याचे प्रतिबिंब पडते. अशा वेळी गडद कपडे घालावेत, असे जाणकार सांगतात. बाबांनी मात्र बाहेर जायचे म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला असतो.

पाणघोड्याच्या फोटोत पाणी येते. त्याची कातडी उन्हात लगेच सुकते, म्हणून तो दिवसभर डुंबतो आणि चरायला रात्री बाहेर पडतो. बागेची वेळ त्याच्या सोयीची नाही. दोन कान आणि दोन नाकपुड्या वर दिसल्या तर तो भाग्याचा दिवस समजावा. वाघही दुपारी झोपतो. ‘आजी, तो बघ पट्टा!’ असे नातू ओरडतो, तेव्हा निम्म्या वेळा ती बांबूची सावली निघते.

हाक मारताच, किंबहुना न मारताच, स्थिर उभे राहणारे प्राणी या आवारात दोनच. एक भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा असलेला दगडी हत्ती. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटले ते याच्यामुळे. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचे ठरले, पण उचलतानाच तो पडून फुटला. 1914 साली त्याचे तुकडे जोडण्यात आले. दुसरा काळा घोडा. 1965 साली तो पाठीवरच्या राजासकट फोर्टातून इथे आला. नाव तेवढे मागे राहिले. दोघांचेही फोटो उत्तम येतात, पण मुले तिथे थांबत नाहीत, कारण ते काही खात नाहीत.

सगळ्यांचा एकत्र फोटो शेवटी, फाटकापाशी, परक्या माणसाकडून काढून घेतात. ‘दादा, जरा एक काढता का?’ म्हटले की दादा काढतात आणि लगेच स्वतःचा फोन पुढे करून आपले अकरा जणांचे कुटुंब उभे करतात. या देवघेवीत पहिल्या फोटोत पाय कापले जातात, दुसऱ्यात काकू.

रात्री दोनशे दहा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात. गिरगावातली आत्या विचारते, ‘अरे, आमचा दादा आला नव्हता का?’ मग शोध सुरू होतो. गट-फोटोत कोणाच्या तरी अंगठ्यामागे तो गेलेला असतो. अखेर पेंग्विनचा फोटो बोटांनी मोठा केल्यावर पांढरा शर्ट सापडतो; वर चेहऱ्याच्या जागी फोन असतो.