ग्रॅमशास्त्री यांस अनावृत पत्र

ग्रॅमशास्त्री यांस,



पत्रास कारण की, काल कपाट आवरताना एक जुनी पावती हाती लागली आणि आपली फार आठवण झाली. शिमानोच्या सर्वांत वरच्या ड्युरा-एसचा ग्रुपसेट, म्हणजे सायकलचे गिअर, ब्रेक आणि क्रँक यांचा संच, बसवण्याच्या मजुरीसकट. खाली माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने: ‘अल्टेग्रापेक्षा १,४०,००० जास्त.’ अल्टेग्रा म्हणजे त्याच्या एक पायरी खालचा. ही पावती दीड वर्ष विम्याच्या कागदांच्या मागे का दडली होती, हे आपण स्वतः विवाहित असल्याने आपल्याला सांगायला नको.

आपलं खरं नाव लिहीत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकात जमणारी मंडळी आपल्याला ओळखतातच. खिशात डिजिटल काटा घेऊन फिरणारे पुण्यात सराफ सोडले तर आपणच.

त्या दिवशीची मिसळ आपल्याला आठवते का? माझ्या सायकलच्या बाटलीच्या पिंजऱ्यांचे चार स्टीलचे स्क्रू आपण तिथेच काढलेत, टायटॅनियमचे लावलेत आणि दोन्ही चौकड्या आळीपाळीने काट्यावर ठेवून मला आकडे दाखवलेत. पाच ग्रॅम वाचले! मुलगा बोर्डात आल्यासारखा चेहरा झाला होता आपला. त्याच आनंदात आपण पावाची तिसरी जोडी मागवलीत आणि तिचा पहिला तुकडा रश्शात बुडवता बुडवता माझ्या आयुष्याला वळण देणारं ते वाक्य उच्चारलंत: “घ्यायचं तर एकदाच, आणि टॉपचंच.”

पावाचं वजन करायचं मात्र आपल्याला सुचलं नाही.

मी माणूस कारकुनी पिंडाचा. तेव्हा करायला हवा होता तो हिशेब आता करतो आहे. शिमानोच्याच आकड्यांप्रमाणे ड्युरा-एसचा इलेक्ट्रॉनिक, डिस्क ब्रेकवाला संपूर्ण संच साधारण २,४३८ ग्रॅमचा आणि अल्टेग्राचा २,७१६ ग्रॅमचा. फरक २७८ ग्रॅम. म्हणजे मी ग्रॅमला ५०० रुपये मोजले. या भावात केशर येतं, आणि ते निदान श्रीखंडात घालता येतं.

आता हे २७८ ग्रॅम घेऊन सिंहगड चढू. मी, सायकल, दोन बाटल्या, हेल्मेट, बूट आणि पंक्चरचं सामान मिळून ८८ किलो. चढावर बहुतेक ताकद वजन वर उचलण्यातच जाते, त्यामुळे वजन जितके टक्के घटेल, जवळपास तितकेच टक्के वेळ वाचतो. ८८ किलोत २७८ ग्रॅम म्हणजे शेकडा ०.३ च्या थोडं वर. गड चढायला मला ५८ मिनिटं लागतात. वाचले ११ सेकंद. वर पोचल्यावर पिठलं-भाकरीची ऑर्डर आधी द्यायची की मडक्यातल्या दह्याची, या विचारातच माझे याहून जास्त सेकंद जातात. आणि पाऊण लिटरची दुसरी बाटली खालीच रिकामी केली असती, तर या २७८ ग्रॅमच्या जवळजवळ तिप्पट वजन फुकटात उतरलं असतं.

हे म्हटलं की आपण लेमाँड काढता, ठाऊक आहे. १९८९ ची टूर द फ्रान्स, तीन हजारांहून अधिक किलोमीटर, आणि ग्रेग लेमाँड जिंकला तो ८ सेकंदांनी. “आठ! आणि तू अकराला हसतोस?” पण गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगता. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंतची साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने पळवायची शर्यत होती. लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे काढलेल्या दांड्या लावल्या, त्यावर कोपर टेकून वाऱ्याखाली वाकला, डोक्यावर निमुळतं हेल्मेट घातलं आणि लोराँ फिन्योंपेक्षा ५८ सेकंद कमी घेतले. बिचारा फिन्यों उघड्या डोक्याने, पोनीटेल उडवत गेला. त्या आठ सेकंदांत वारा आहे, बसण्याची ढब आहे, केसही असतील. स्क्रूचं वजन त्यात कुठे सापडतं ते मला दाखवा.

आणि ज्यांना सेकंदांवर पोट भरायचं असतं, त्यांना हे सामान संघाकडून मिळतं. शिवाय त्यांची सायकल ६.८ किलोच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा जागतिक संघटनेचा नियम २००० सालापासून आहे. जिथे हलकेपणाची खरी गरज, तिथे त्याला दाराशी अडवतात; आणि जिथे नाही, तिथे तो कर्ज काढून आणायचा.

मी एक पापही केलं. दिवाळीत भाचा आला होता, त्याच्या सायकलला अल्टेग्राच्याही खालचा, साधा १०५. साधा म्हणजे तोही इलेक्ट्रॉनिक आणि बारा गिअरचा. ड्युरा-एस आणि अल्टेग्राची ही पिढी २०२१ मध्ये एकाच दिवशी बाजारात आली, बॅटरीसुद्धा दोघांची एकच. आणि पुढच्याच वर्षी तोच पाट १०५ च्या शेतापर्यंत पोचला. भाच्याची सायकल घेऊन मी गोळेवाडीच्या नाक्यावरून वर गेलो. बटण दाबलं की गिअर पडतो. माझ्याकडेही असंच होतं. वरच्या वाहनतळाशी घड्याळ पाहिलं: ५७ मिनिटं १० सेकंद. माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा पाऊण मिनिटाहून अधिक कमी, तेही अर्ध्या किलोहून अधिक जड सामान घेऊन!

यातून काही सिद्ध होत नाही, हे आपण म्हणायच्या आधी मीच म्हणतो. त्या सकाळी गारवा होता, आदल्या रात्री मी आठ तास झोपलो होतो आणि भाच्याचे टायर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. पण माझं दुखणं नेमकं हेच आहे. झोप, हवा आणि टायर यांनी माझ्या वेळेत जो चढउतार होतो, त्यात आपले ११ सेकंद ताकातल्या मिठासारखे विरघळून जातात. ते होते की नव्हते, हे मलाच कळत नाही. आणि टायर मी कुठले वापरत होतो? सायकलबरोबर आलेले. चांगले घ्यायला पैसे उरले नव्हते, आठवतंय ना?

“टॉपचं टिकतं,” हे आपलं दुसरं वेदवाक्य. तर ऐका. ड्युरा-एसच्या कॅसेटच्या मोठ्या दातेरी चकत्या टायटॅनियमच्या. हलक्या खऱ्या, पण स्टीलपेक्षा लवकर झिजतात. मी भर पावसाळ्यात जुन्या कात्रज घाटाचा चिखल त्यांना चारला. चेन वेळेवर बदलली नाही, हा गुन्हा माझा. नवी कॅसेट विचारायला गेलो तर किंमत अल्टेग्राच्या तिप्पट. मेकॅनिकने चिंध्या झालेल्या फडक्याला हात पुसत माझ्याकडे पाहिलं. “काका, हे शर्यतीच्या दिवशीचं सामान. लग्नातला शालू नेसून कोणी धुणं धुतं का?” मग त्यानेच सांगितलं की अल्टेग्राची कॅसेट यावर बिनतक्रार बसते. हे आपल्याला माहीत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही.

आणि सप्टेंबर २०२३? शिमानोने ११ गिअरच्या पिढीतले, दोन भाग चिकटवून पोकळ केलेले क्रँक तपासणीसाठी बोलावले, कारण काहींचा जोड सुटत होता. यादीत ड्युरा-एस होता, अल्टेग्रा होता. १०५ नव्हता. आपला स्वतःचा जुना क्रँक त्या यादीत निघाला, तेव्हा आपण तीन रविवार ‘गुडघा दुखतोय’ म्हणून आला नाहीत. आम्ही कोणी काही बोललो नाही. सभ्य ग्रुप आहे.

खोटं बोलणार नाही, वस्तू देखणी आहे. पहाटेच्या उजेडात तो काळा क्रँक चमकतो तेव्हा मी अजूनही दोन मिनिटं नुसता बघत राहतो. घरातली माणसं सोन्याच्या पाटल्यांकडे बघतात तसा. कोणी शर्यतीत उतरत असेल, पाचव्या आणि तिसऱ्या नंबरात दहा सेकंद असतील, टायर, चाकं, बसण्याची मापं सगळं आधीच नीट करून झालं असेल, तर त्याने खुशाल घ्यावं. कोणाला केवळ हौस असेल तर त्यानेही घ्यावं; हौसेला मोल नसतं. पण आपण मला हौस म्हणून विकलं नाहीत, शास्त्र म्हणून विकलंत. हौस म्हणाला असतात, तर मी घरी विचारलं असतं आणि वाचलो असतो.

असो. कॅसेट अल्टेग्राची बसवली आहे. काट्यावर ठेवायला मागू नका.

रविवारी बोपदेव घाट ठरला आहे. साडेपाचलाच.

आपला,
२७८ ग्रॅमने हलका

ता. क. – आपला काटा त्या दिवसापासून आमच्याकडेच आहे. सध्या त्यावर अनारशांचं पीठ मोजलं जातं आणि तो परत करायला घरातून सक्त मनाई आहे. पावतीही सापडली आहे. मला नव्हे, तिला. मी फक्त कपाट आवरत होतो.