सूर्य सर्वांचा, गच्ची कोणाची?

सूर्याने आजवर एकाही गृहनिर्माण संस्थेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितलेलं नाही. अर्ज नाही, सचिवांची सही नाही, रोज सकाळी स्वारी थेट गच्चीवर हजर. पुण्यातल्या कित्येक सोसायट्या त्याचा फुकटचा माल अजून उचलत नाहीत, त्यामागे हाच राग असावा असा आमचा संशय आहे.

सरकार मात्र सूर्यावर रागावलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांचं लक्ष्य, ७५ हजार कोटींहून अधिक तरतूद. घरावर तीन किलोवॉटचा संच बसवला तर ७८ हजार रुपये अनुदान. सोसायटीची लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी बसवला तर किलोवॉटमागे १८ हजार. त्याआधी २०२२ सालापर्यंत देशातल्या छपरांवर ४० हजार मेगावॉट उभे करायचे ठरले होते. २०२२ आलं, गेलं. मुदत २०२६ वर सरकली. दिल्लीचं गणित चुकलं असं जाणकार म्हणतात. गणित ठीक होतं हो, त्यात सर्वसाधारण सभा धरलेली नव्हती, एवढंच.

या सभेच्या विषयपत्रिकेवर सौर ऊर्जा सातवी असते आणि पार्किंग सहावं. सातव्या विषयापर्यंत पोचेस्तोवर सूर्य मावळलेला असतो आणि निम्मे सभासद जेवायला घरी गेलेले असतात. उरलेल्यांपुढे बी विंगमधले निवृत्त अभियंते कागद उलगडतात. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा, दिवसाला सरासरी चार युनिटं. वीस किलोवॉट बसवले तर महिन्याला चोवीसशे. अनुदान तीन लाख साठ हजार. काही वर्षांत खर्च वसूल, आणि पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी.

इथेच घोळ होतो. पंचवीस वर्षं म्हटल्यावर कार्यकारिणी एकमेकांकडे बघते. सत्तरी ओलांडलेले खजिनदार विचारतात, "हमीपत्र सांभाळणार कोण?" प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याचं उत्तर कुणाच्याच जिभेवर येत नाही.

मग तळमजला उठतो. "आम्ही लिफ्ट वापरत नाही. लिफ्टचं बिल वाचलं तर आम्हाला काय?" हे गृहस्थ लिफ्टचं बिल वाढलं तेव्हा मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच का म्हणून भांडले होते. आता बिल कमी होणार म्हणून भांडतायत. याला म्हणतात भूमिकेतलं सातत्य.

त्यानंतर सर्वात वरचा मजला. "सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडाल, आणि पाणी गळेल आमच्या देवघरात." अभियंते सांगतात की सांगाडा सिमेंटच्या ठोकळ्यांवरही उभा राहतो, भोक पाडावं लागत नाही, उलट पॅनेलची सावली पडून स्लॅब कमी तापेल. "कमी तापला तर मग गेल्या वर्षी घेतलेल्या एसीचं काय करू?" सभा टाळ्या वाजवते. कोणासाठी, ते इतिवृत्तात नोंदलेलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. पण कुणीतरी विचारतं की पॅनेलचं तोंड कुठे असणार. दक्षिणेला, अभियंते म्हणतात, आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, वर्षभरात ऊन दक्षिणेकडूनच जास्त मिळतं. दक्षिण! ज्या दिशेला दार आहे म्हणून ए विंगमधला फ्लॅट तीन वर्षं विकला गेला नाही, ज्या दिशेला पाय करून कुणी झोपत नाही, तिकडे तोंड करून सोसायटीच्या पैशाने चाळीस पॅनेलं उभी करायची? वास्तुतज्ज्ञांचं मत मागवावं असा ठराव येतो आणि अनुमोदनही मिळतं. वास्तुतज्ज्ञांची फी पहिल्या महिन्याच्या वीजबचतीतून द्यावी अशी उपसूचना येते. ती बचत कोणत्या दिशेने यायची, हे विचारायचं धाडस अभियंत्यांनाही होत नाही.

शेवटचा घाव मात्र तंत्रज्ञानच घालतं. "म्हणजे आता लाइट गेले तरी आपली लिफ्ट चालणार!" अध्यक्ष खुशीत म्हणतात. अभियंत्यांचा चेहरा पडतो. नाही चालणार. महावितरणच्या तारेला जोडलेला, बॅटरी नसलेला संच तारेतली वीज जाताच आपणहून बंद पडतो. नाहीतर खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून झटका बसेल. माणसाचा जीव वाचवणारी ही सोय आहे. सभेला त्यातलं इतकंच ऐकू येतं: भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन, गच्चीवर लाखोंचा माल, आणि आपण जिन्याने वर. खाली डिझेलचा जनरेटर आहे, तो धूर सोडतो, पण चालतो. मते कुठे गेली ते सांगायला नको.

खरं तर पुणेकरांना सूर्य नवा नाही. पाणी तापवण्याचे सौर बंब शहराच्या गच्च्यांवर केव्हाच चढले आहेत. सौर बंब, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यांतलं एक केलं तर महापालिकेच्या मिळकत करात पाच टक्के आणि दोन केली तर दहा टक्के सवलत. काही गच्च्यांवर या बंबांच्या काचेच्या नळ्या फुटल्या, टाक्या गंजल्या, कबुतरांच्या तीन पिढ्या तिथेच वाढल्या. खाली बाथरूममधला गीझर इमानदारीत चालू, आणि करातली सवलतही इमानदारीत चालू. अक्षय ऊर्जा यापेक्षा अक्षय असू शकत नाही.

सार्वजनिक इमारतींचं बरं असतं, तिथे सभासद नसतात. तिथे उद्घाटन असतं. सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीसारखं गाव मनावर घेतं, घरं आणि ग्रामपंचायत सगळं सौर करून मोकळं होतं. बाकी ठिकाणी समाजमंदिरावर चार पॅनेलं लागतात आणि कठड्यावर बारा फुटी फ्लेक्स लागतो, नेमका दक्षिणेच्या कठड्यावर, कारण रस्ता त्या बाजूला असतो. मान्यवरांच्या फेट्याची सावली दुपारपर्यंत एका पॅनेलवर पडून राहते. पॅनेलं एकाच माळेत जोडलेली असतात. एकावर सावली आली की साऱ्या माळेची वीज घसरते. एका सभासदाच्या हरकतीने सोसायटीचं होतं तसंच. मग 'सोलर चालत नाही' अशी गावभर बोंब, आणि ती बोंब मारायला पुढे तेच, ज्यांचा फेटा आहे.

शाळांबद्दल आम्हाला जरा हळवं वाटतं. एप्रिल-मेमध्ये सगळी शाळा सुट्टीवर असते, तेव्हा छपरावरची पॅनेलं भर उन्हात ड्यूटीवर असतात आणि वर्षातलं त्यांचं सर्वोत्तम काम करतात. नेट मीटरमुळे ती युनिटं वाया जात नाहीत, पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होतात. अशा कर्मचाऱ्यांना आदर्श पुरस्कार मिळायला हवा होता. निदान महिन्यातून दोनदा कुणी पाणी मारून धूळ तरी काढावी. पण ते काम शिपायाचं की विज्ञानाच्या शिक्षकांचं, यावर पत्रव्यवहार चालू आहे. पावसाळ्यात तो आपोआप थांबतो.

आमच्या सोसायटीत अखेर उपसमिती नेमली गेली. ती गच्चीची पाहणी करून पुढच्या वार्षिक सभेत अहवाल देईल. पाहणी अजून झालेली नाही. गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावरच्या त्या एसीवाल्या काकांकडे असते आणि काका सध्या मुलाकडे कॅलिफोर्नियात आहेत. तिकडे २०२० पासून नव्या घरांवर सौर पॅनेल बसवणं नियमानेच बंधनकारक आहे. परवा काकांनी मुलाच्या छपराचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली मजकूर: 'या लोकांकडून आपण काहीतरी शिकलं पाहिजे.' सत्तावीस सभासदांनी लगेच अंगठा दाखवला.