‘रामबाण’ पाठवणाऱ्या काकांना खुले पत्र

काका,

नमस्कार लिहितो, कारण वयाचा मान राखायची घरची शिकवण आहे. पुढचं सगळं तुमच्या कर्तृत्वाबद्दल.

पावसाळा लागला की तुमच्या मोबाइलला उधाण येतं. ‘गजकर्ण, नायटा, खरूज, सगळ्यांवर रामबाण : लसूण ठेचून रात्रभर बांधा.’ खरूज किड्याने होते, नायटा बुरशीने. एवढं बघण्याचीही तसदी तुम्ही घेतली नाहीत.

माझ्या भाच्याने तुमचं ऐकलं. डोंबिवलीहून लोकलने भिजत जाणारा पोरगा. जांघेत चट्टा उठला, डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली आणि तुमचा मेसेज हाती लागला. सकाळी फडकं सोडलं तर नायट्याची कड होती तशीच, मधली कातडी लालभडक आणि वर पाणी भरलेले फोड. कच्च्या लसणीने कातडी खरोखर भाजते, आणि जांघेतली तर आधीच नाजूक. पोराला पँट घालता येईना, आणि तुम्ही ग्रुपवर विचारलंत, ‘गावठी लसूण होती ना?’

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे तुमचं पालुपद. बिब्बाही नैसर्गिकच आहे काका. तो उतला की काय होतं ते तुमच्या पिढीला मी सांगायला नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तरी फोड येतात, मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

टाकळा, कडुनिंब, हळद यांना मी नावं ठेवत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांचे अर्क बुरशी रोखतात. पण घामेजलेल्या कातडीत मुरलेला नायटा म्हणजे ती बशी नव्हे. नायटा मधे बरा होत जातो आणि कडेने पसरतो. कंड जरा शमली की तुम्ही ‘गुण आला’ म्हणून जाहीर करता. तोवर तो टॉवेलवरून घरातल्या दुसऱ्याच्या अंगावर गेलेला असतो.

लसूण हरली तेव्हा तुम्ही मेडिकलमधून ‘ती ट्यूब’ आणायला सांगितलीत. स्टेरॉइड मिसळलेली! लाली उतरते, खाज थांबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. पुढे चट्ट्याचं रूपच असं पालटतं की डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. आधीच आपल्याकडची बुरशी चिवट झाली आहे. २०२० मध्ये नाव मिळालेल्या ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या जातीवर टर्बिनाफिनसारखं हुकमी औषधही पुष्कळदा चालत नाही.

घरगुती उपायच पाठवायचे असतील तर हे पाठवा : ओले कपडे आल्या आल्या बदला, जांघा-काखा कोरड्या पुसा, घट्ट जीन्स नको, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा. घरात ज्याला ज्याला खाज आहे, त्या सगळ्यांनी एकदमच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडू नका.

आणि भाच्याची माफी मागा. खासगीत नको, त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर.

त्या मुलाचा मामा