हरायलाच बसलेले

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्याची जुगाराची बातमी घ्या, मजकूर ठरलेला. लिंबाच्या झाडाखाली गोलाकार बसून तिर्रट नावाचा जुगार खेळताना काही इसम मिळून आले. बावन्न पत्ते, रोख, मोबाइल आणि बाजूला उभ्या मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. मुद्देमालाचा आकडा फुगतो तो मोटारसायकलींमुळे. डावावरची रोकड तेवढी मोजली तर खताच्या दोन गोण्याही यायच्या नाहीत. कायदा 1887 सालचा, आणि पकडलेल्यांचा खरा गुन्हा एकच: बिचाऱ्यांना जिंकायचं होतं.

बड्या काळ्या पैशाला ही असली हाव नसते. तो कॅसिनोत येतो थोडंसं हरायला.

म्हणून त्याला तिर्रटसारखा तीन पत्तीचा डाव चालत नाही. समोरच्याच्या हातात काय आहे, ब्लाइंड कुठवर ओढायचं, पॅक कधी करायचं, एवढं डोकं लावूनही माल भलत्याच्याच खिशात जायचा. त्याला हवा असतो नशिबाला कमीत कमी वाव देणारा खेळ. रुलेटचं चाक बघा. 18 घरं लाल, 18 काळी, एक हिरवं शून्य. एकाने लाल धरलं आणि साथीदाराने तेवढंच काळं, की 37 पैकी 36 वेळा एकाचं गेलेलं दुसऱ्याकडे येतं. शून्य लागलं तर दोघांचं जातं. सरासरी घट 2.7 टक्के. बॅकरॅट त्याहून स्वस्त: ‘बँकर’वर लावलं तर घट एका टक्क्याच्या आसपास, ‘प्लेयर’वर सव्वा. डाव मिनिटभरात संपतो, रक्कम बरीच मोठी लावता येते आणि अक्कल लागत नाही. आपला अंदर-बाहर याच जातीचा. शेवटी टोकनं काउंटरवर दिली की हातात चेक पडतो, आणि पैसा कुठून आला असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार: ‘नशीब, साहेब!’

या नशिबाची किंमत आपल्या आयकर कायद्यानेच ठरवून दिली होती. जुगारातल्या कमाईवर 30 टक्के कर. पण रोकड घरात सापडली आणि स्रोत सांगता आला नाही, तर नोटाबंदीनंतरच्या दुरुस्तीप्रमाणे अधिभार, उपकर धरून 78 टक्के. बेहिशेबी पैसेवाल्याने कुठल्या खिडकीवर रांग लावावी, हे सांगायला सीए लागत नव्हता.

न धुतलेल्या नोटांची काय फजिती होते ते आपण ऑगस्ट 2022 मध्ये जालन्यातच पाहिलं. आयकरवाले गाड्यांवर लग्नाचे स्टिकर लावून वऱ्हाडी म्हणून आले आणि दोन स्टील उद्योग समूहांवर छापे पडले. खात्याच्या म्हणण्याप्रमाणे 56 कोटींहून अधिक बेहिशेबी रोकड निघाली. नोटा मोजायलाच तेरा तास लागल्याच्या बातम्या आल्या. ‘जालना सोने का पालना’ हे आपण ऐकत आलो, पाळण्यात नोटा झोपवतात हे तेव्हा कळलं. या प्रकरणात कॅसिनो कुठे नव्हता, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण रोकडीचा ढीग मालकाला किती जड होतो आणि तो हलका करून देणाऱ्या टेबलाला गिऱ्हाईक का मिळतं, हे त्या तेरा तासांनी दाखवलं.

मनिलात ते टेबल चाललंसुद्धा. फेब्रुवारी 2016 मध्ये हॅकरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8.1 कोटी डॉलर पळवले. ते फिलिपिन्समधल्या बँक खात्यांत उतरले आणि बरेचसे तिथून कॅसिनोंत, बॅकरॅटच्या टेबलांवर गेले. कॅसिनोच का? तर फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यातून तेव्हा कॅसिनो वगळलेले होते. चोरांनी खेळाचे नियम वाचले होते, कायद्याचेही.

आपण मात्र हुशार. महाराष्ट्राने कॅसिनो कायदा 1976 मध्ये केला, एक दिवसही लागू केला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. तोवर आपली माणसं गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर जाऊन आली. केंद्राने 2009 च्या दुरुस्तीने कॅसिनो मनी लाँडरिंग कायद्याखाली आणले. म्हणजे नोंदी ठेवा, संशयास्पद व्यवहार कळवा. पण या उद्योगाला खरा चिमटा बसला तो बहुधा अनवधानाने: ऑक्टोबर 2023 पासून टोकनं घेतानाच 28 टक्के जीएसटी, सप्टेंबर 2025 पासून 40. आता धुलाई चांगलीच महाग पडायला लागली. हौसेने गेलेला पर्यटकही त्यातच पिळून निघाला, तो भाग वेगळा.

जास्त हुशारी न लागणारा उपाय कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने केला. तिथल्या कॅसिनोंत लोक वीस-वीस डॉलरच्या नोटांनी भरलेल्या हॉकीच्या बॅगा घेऊन येत, आणि काउंटरवरचे मुकाट मोजून घेत. जानेवारी 2018 पासून दहा हजार डॉलर किंवा जास्त रोकड आणणाऱ्याला ती कुठून आणली याचा पुरावा मागायला सुरुवात झाली. बॅगा झपाट्याने कमी झाल्या.