सर्वांगसाहेब

हिंजवडीच्या कुठल्याही आयटी कंपनीत, कुठल्याही मजल्यावर एक सर्वांगसाहेब असतोच. गाव सांगली नाहीतर जळगाव, शाळा मराठी माध्यमाची. पण गळ्यात मॅनेजरचं आयकार्ड पडलं की अवयवांचा आधार घेतल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. अवयवही अस्सल इंग्रजी.

सोमवारी सकाळी 'ऑल हँड्स' मीटिंग. हा शब्द जहाजावरचा. तिथे 'हँड' म्हणजे खलाशी. साहेब आम्हांला एरवी असं हातांवर मोजतात, बजेटच्या दिवशी मात्र डोक्यांवर, कारण तिथे 'हेडकाउंट' लागतो. मग आदेश सुटतो, "टीम, आइज ऑन द बॉल! नोज टू द ग्राइंडस्टोन! शोल्डर टू द व्हील! इअर टू द ग्राउंड!"

डोळे चेंडूवर, नाक धारेच्या दगडाला, खांदा चाकाला आणि कान जमिनीला लावून कोड कसा लिहायचा, असं एका नव्या मुलीने विचारलं. साहेबांनी तिला बाजूला घेऊन धीर दिला, "अगं, चिन अप!" म्हणजे हनुवटीही कामाला लागली.

साहेबांचं दैवत म्हणजे इंग्रजांचा नौसेनापती नेल्सन. 1794 साली कॉर्सिकाच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे 1801 साली कोपनहेगनला वरिष्ठांनी माघारीचा इशारा दिला, तेव्हा त्याने त्याच डोळ्याला दुर्बीण लावली आणि इशारा दिसतच नाही म्हणत लढाई चालू ठेवली, अशी गोष्ट सांगतात. 'ब्लाइंड आय'चं नातं तिच्याशी जोडलं जातं. साहेब ती धाडसाचा धडा म्हणून ऐकवतात. आमचे रजेचे अर्ज आले की दुर्बीण बरोबर त्याच डोळ्याला लागते.

मध्यरात्री रिलीज कसाबसा पार पडला की, "बाय द स्किन ऑफ अवर टीथ!" हे मूळचं बायबलमधल्या ईयोबाचं. त्याची गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर गळवं उठली, तेव्हा तो हे बोलला. आमचा तर नुसता शनिवार-रविवार गेलेला असतो. तक्रारीला जागाच उरत नाही.

अप्रेझलच्या खोलीत साहेब हळवे होतात. छातीवर हात ठेवून सांगतात, "आय वेअर माय हार्ट ऑन माय स्लीव्ह." शेक्सपिअरने 'ऑथेल्लो'त हे काळीज-बाही प्रकरण इयागोच्या तोंडी घातलंय. तो त्या नाटकातला सर्वांत कपटी माणूस, आणि तोही सांगतो ते आपण असं काळीज उघडं टाकणार नाही म्हणूनच. साहेबांनी 'ऑथेल्लो' वाचलेलं नाही. पण पगारवाढीचा आकडा दिसला की शेक्सपिअरला माणसं कळत होती, हे पटतं. कँटीनमध्ये आम्ही त्याला 'तोंडाला पानं पुसली' म्हणतो आणि चहा मागवतो.

खरी पंचाईत झाली ती लंडनच्या क्लायंटपुढे. जन्मभर इंग्रजीच बोललेला तो गृहस्थ अगदी साधं बोलत होता.

"काम शुक्रवारी होईल?"

"फिंगर्स क्रॉस्ड!" साहेब म्हणाले.

"म्हणजे होईल?"

"वी आर अप टू अवर नेक, बट..."

"मान राहू द्या. हो की नाही?"

साहेबांनी कॉल म्यूट केला. आमच्याकडे वळले आणि थेट सांगलीच्या मराठीत म्हणाले, "पोरांनो, पाया पडतो तुमच्या, पण शुक्रवारपर्यंत एवढं करा रे!"

साहेबांचं आम्हांला एका दमात समजलेलं हे पहिलं वाक्य. काम शुक्रवारी दुपारीच झालं.

संध्याकाळी साहेबांनी क्लायंटला मेल पाठवली आणि यशाचं कारण दिलं, 'एल्बो ग्रीस'. सगळं श्रेय कोपरांना गेलं. पायांचा उल्लेख कुठेच नव्हता.