भिडस्त काटे

छोट्या गाडीचा डॅशबोर्ड हा मोठा भिडस्त जीव. त्याला ठाऊक बरंच असतं, पण बोलावं की बोलू नये या विवंचनेत त्याचं सारं आयुष्य जातं. आमच्या मारुती 800 चंच बघा. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असताना त्याच्या पोटात सेकंदाला 75 ठिणग्या पडतात आणि या धुमश्चक्रीबद्दल वर कळवलं जातं ते इतकंच : वेग, पेट्रोल आणि थोडीशी ऊब. तेही समोरच्याला लागणार नाही अशा बेताने. स्पीडोमीटरबद्दल तर संयुक्त राष्ट्रांचा लेखी नियमच आहे, 39 व्या क्रमांकाचा. गाडी 80 ने धावत असेल तर काट्याने 92 पर्यंत कितीही दाखवावं, 79 मात्र कदापि दाखवू नये. इतक्या देशांनी एका टेबलाशी बसून काट्याने किती खोटं बोलावं आणि कोणत्या दिशेने बोलावं यावर एकमत केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तापमानाचा काटा त्याहून मुरब्बी. हल्लीच्या कित्येक गाड्यांत पाणी 80 अंशांवर असो की 100 वर, हा आपला मधोमध, दोन्ही पक्षांना मान देणाऱ्या सभाध्यक्षासारखा. खरं सांगितलं तर माणसं उगाच घाबरतात, हा त्यामागचा विचार. काही गाड्यांनी तर काटाच काढून टाकला आणि एक निळा, एक लाल असे दोन दिवे ठेवले. इंजिन गार असलं की निळा, संकट आलं की लाल. मधल्या अवघ्या संसाराबद्दल मौन.

वडिलांच्या फियाटमधला काटा असा नव्हता. खंडाळ्याचा घाट लागला की तो चढायला लागायचा, आणि तो चढू लागला की गाडीतलं बोलणं उतरायचं. मागच्या सीटवर भेंड्या चाललेल्या असत, त्या आपोआप थांबत. कुणी खायला मागत नसे. आई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसे, जणू पिशवी न हिंदकळल्याने पाण्याचं उकळणं थोडं लांबणार होतं. वडील काहीच बोलत नसत. फक्त खिडकीची काच खाली करून कान बाहेर देत. मग एका वळणावर, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या इतर गाड्यांच्या ओळीत आमचीही गाडी जाऊन उभी राही. अनोळखी माणसं एकमेकांना पाण्याचे कॅन देत, रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका म्हणून बजावत आणि आपापल्या गावांची चौकशी करत. घाटातल्या त्या ओळीत बसलेले काही ऋणानुबंध आमच्या घरी पुढे लग्नपत्रिका होऊन आले. आता गाड्या तापत नाहीत. चांगलंच आहे, पण घाटात कुणी कुणाला गाव विचारत नाही.

तर, निदान दोन काटे खरं बोलणारे असावेत, असं मनाने घेतलं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी काय मिळत नाही? गंजलेल्या पान्यांच्या, बिनकिल्ल्यांच्या कुलपांच्या आणि कुणाच्या तरी आजोबांच्या चष्म्यांच्या शेजारी मला एक व्होल्टमीटर आणि एक व्हॅक्यूम गेज मिळालं. दोन्हींचा व्यास 52 मिलिमीटर. असल्या जादा गेजांचं हे जवळजवळ जागतिक माप आहे. प्लगपासून नळाच्या आट्यांपर्यंत कशावरही ज्यांचं जमलं नाही अशा देशांचं या 52 मिलिमीटरवर मात्र जमलं आहे.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालं. व्होल्टमीटर साधा : एक वायर बॉडीला अर्थ करायची, दुसरी चावी फिरवल्यावरच करंट येईल अशा ठिकाणी, मधे फ्यूज. व्हॅक्यूम गेजला मात्र इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून आतपर्यंत रबरी नळी आणावी लागते. बॉनेटखालच्या एका नळीत टी बसवायचा आणि इंजिन व माणसं यांच्यामधल्या पत्र्यात वायरिंगसाठी जे ग्रोमेट असतं त्यातूनच वाट काढायची. त्यासाठी डोकं क्लचपाशी, पाठ सीटवर आणि पाय दाराबाहेर, अशा आसनात पडून राहावं लागतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमच्या चपलांशी बोलतो. शेजारच्या काकांनी त्यांना विचारलं, "काय, गाडी बंद पडली का?" नाही म्हटल्यावर ते जास्तच काळजीत पडले. चालू गाडी उघडणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एकूणच चांगलं मत नाही. डॅशबोर्डची खालची बाजू मात्र एकदा बघण्यासारखी असते. वरचा तो सगळा तोल, ती काळी गुळगुळीत सभ्यता, आणि खाली लाल-निळ्या वायरींचं जंजाळ, धूळ, टोलची विटकी पावती. तिथेच, वायरींच्या बेचक्यात अडकलेला एक सागरगोटा सापडला. पाचांतला हा एक हरवला म्हणून दोघी मुलींचं भांडण कोल्हापूरपासून घरापर्यंत पुरलं होतं. दोघी आता वेगवेगळ्या शहरांत नोकरी करतात. मी फोटो पाठवला. दोघींचं उत्तर एकच आलं : "माझा आहे."

गेज बसली. व्होल्टमीटरचा स्वभाव पहिल्याच संध्याकाळी कळला. नुसती चावी फिरवली, गाडी सुरू नसली की साडेबाराच्या थोडा वर, सुरू झाली की चौदाच्या आसपास. हेडलाइट लावले की किंचित कष्टी, आणि सिग्नलला उभं असताना इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापेबरोबर तो मान डोलावतो. व्हॅक्यूम गेजच्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. 1849 मध्ये युजीन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने पेटंट घेतलेली. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते आणि श्वास ओढला की गुंडाळते, तशीच ही. इथे श्वास ओढणारं इंजिन. आकडे मात्र पाऱ्याच्या इंचांत, आणि आत पाऱ्याचा टिपूसही नाही. पायाने ॲक्सिलरेटर दाबला की काटा शून्याकडे कोसळतो, पाय अलगद ठेवला की वर राहतो. म्हणूनच 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईत हीच गेज पेट्रोल वाचवणारी म्हणून खपली. माझ्या पायाखाली तो काटा सतत उठाबशा काढत असतो. "गाडी चालवताय, की आयसीयूत ड्यूटीवर आहात?" असं म्हणून बायकोने एकदा स्टिअरिंग हातात घेतलं, आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीतही काटा असा निवांत राहिला की मला तो चिकटलाय असं वाटलं. तिचं ड्रायव्हिंग सावकाश आहे, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. त्या दिवसापासून मी त्याला लयदार म्हणतो.

मग आम्ही महाबळेश्वरला निघालो. पसरणीचा घाट चढून थांबलो, इंजिन चालू होतं, आणि पुण्यात सतरावर असणारा काटा पंधराच्याही खाली. मी घाबरून मेकॅनिकला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, वर हवाच कमी. तो बिचारा काय करणार?" दर हजार फुटांना इंचभर, हा हिशेब. पुणे सुमारे 560 मीटरवर, महाबळेश्वर 1,353 वर. म्हणजे शेवटपर्यंत अडीचेक इंच जाणारच होते. हाच हिशेब पहिल्यांदा ज्याने मांडला तो पास्कल स्वतः डोंगर चढला नव्हता. तो पॅरिसमध्ये राहिला आणि 19 सप्टेंबर 1648 रोजी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या दाजींना, पाऱ्याच्या नळीसकट त्याने प्यूय द दोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. पारा तीन इंचांहून जरा जास्तच उतरला. दाजींनी तशीच दुसरी नळी पायथ्याच्या मठात एका साधूपुरुषाच्या हवाली केली होती : दिवसभर बघत राहा, पारा हलतो का. तो बघत राहिला. पारा हलला नाही. विज्ञानाच्या इतिहासात मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हाच माणूस. काही न होण्याकडे दिवसभर मन लावून बघणं म्हणजे काय, हे आता मला सिग्नलला रोज कळतं.

तुम्हालाही हा नाद लागणार असेल तर सुरुवात व्होल्टमीटरने करा, आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवून ठेवा. व्हॅक्यूम गेज घेतलंत तर नळी इंजिनाच्या उष्णतेत टिकणारी बघा, टीच्या तिन्ही तोंडांना क्लिपा घट्ट मारा आणि काट्यापेक्षा रस्त्याकडे जास्त बघा. घाटात काटा खाली आला, तर मेकॅनिकला फोन करू नका. करायचाच असेल तर दाजींना करा.